तोल बरोबर आला

"शेट, ह्या माप मोडला हा, काय माझो हात मोडलो हा, तेवढा सांगा."

असं म्हणून सोमाने बांबूच्या पेराचं एक माप आमच्या दुकानाच्या पायरीवर ठेवलं. सगळ्यात खालच्या पायरीवर. त्याहून वर तो येत नसे. येऊ नको असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं आणि ये असंही कुणी म्हटलं नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. मी उमाकांत कारेकर, कुसुरखोलच्या बाजारातल्या एकुलत्या एक सोनाराचा मुलगा, वय बावीस. सोमा कदम पन्नाशीचा. सतरा वर्षं पलटणीत काढून तो गावी आला होता आणि येताना शेतीच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना घेऊन आला होता. बारा बोरची एकनळी. गावात परवान्याची बंदूक तेवढी एकच आणि ती बौद्धवाडीत. गाव त्या वाडीला अजून जुन्याच नावाने हाक मारायचं, पण भातात डुक्कर शिरलं की पहिला निरोप तिथेच जायचा.

माझ्या बापाच्या वयाचा माणूस. मी त्याला अरे सोमा म्हणायचो. तो मला शेट म्हणायचा, तुमी म्हणायचा.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"एक काडतूस खांद्याक लाथ मारता आणि दुसरा नुसता खोकता. नळी तीच, छर्रे तेच, मीव तोच. मगे फरक खंय पडता?"

नवी काडतुसं जिल्ह्याच्या गावाला मिळत, तीही मोजकी. म्हणून सोमा पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवायचा आणि घरीच पुन्हा भरायचा. परवान्यावर वर्षाला बंदुकीची काळी दारू ठरावीक मिळे, ती तो या बांबूच्या मापाने घालायचा. मी माप हातात घेतलं. तोंड तिरकं कापलेलं होतं. दारू घालून अंगठ्याने दाबली तर जास्त मावायची, नुसती सोडली तर कमी.

"दहा मापं भर," मी म्हटलं. "दहा कागदांवर ओत."

त्याने भरली. मी आतून काटा आणला, काचेच्या पेटीतला, सोन्याचा. वडील घरी जेवायला गेले होते म्हणून आणला, नाहीतर त्यांनी हात लावू दिला नसता. दहाही ढीग तोलले. दहातले दोनसुद्धा सारखे निघाले नाहीत. सगळ्यात जड आणि सगळ्यात हलका यांच्यात इतका फरक की सोमाने पायरीवर बसूनच कपाळाला हात लावला.

"आवशीक खाव! म्हंजे मी नेम धरतंय, आणि माप माका हसता."

"तुझ्या नेमाचा दोष नाही. तू मापाने घालतोस. दारू तोलून घालायची असते."

हे मी अशा थाटात सांगितलं, जशी काय जन्मभर काडतुसंच भरत आलो होतो. पण खरं ठरलं. त्याच्या मनाजोगता बार देणाऱ्या ढिगाचं वजन आम्ही धरलं आणि तेच कायम केलं. मी दारू तोलायची, सोनार नथीचे मोती बांधतो तशा बारक्या पुड्या बांधायच्या. त्या सोमाने घरी नेऊन पुंगळीत ओतायच्या. एक पुडी, एक काडतूस.

त्या हंगामात सोमाने सात बारांत सहा डुकरं पाडली. गावात नाव त्याचं झालं, थोडं माझंही. न्हाव्याच्या दुकानात लोक म्हणायचे, "नेम सोमाचो, पण तोल सोनाराचो हा बाबा." मी हे ऐकून मान खाली घालून हसायचो. आत फुगायचो.

सोमा दर पंधरा दिवसांनी दारूचा डबा घेऊन यायचा. पायरीवर बसून पलटणीच्या गोष्टी सांगायचा. एकदा मला म्हणाला, "शेट, आमच्या सुभेदाराचा म्हणणा होता, सगळी काडतुसा सारखी असली तर माणसाक आपली चूक कळता. काडतुसाच वेगवेगळी, तर चूक कोणाची ताच कळणा नाय. माणूस मगे उगाच आपल्याक तरी शिव्या घालता, नाय तर देवाक."

"तू कुणाला घालायचास?"

"मी? मी बायलेक," तो म्हणाला आणि इतका हसला की त्याला खोकला आला.

पुड्या तो कधी उघडून बघत नसे. घरी दिव्याजवळ दारू काढायची नाही म्हणून तो दिवसाउजेडी अंगणात बसायचा, पुडीचं टोक फाडायचा आणि सरळ पुंगळीत रिकामी करायचा. एकदा मी म्हटलं, "अरे, बघून तरी घेत जा."

"काय बघू? तुमी तोललात ना?"

गावची पारध म्हणजे अख्ख्या गावाचं काम. वीस-तीस माणसं हाकारे घालत रान उठवायची, बंदूकवाला डुकराच्या वाटेवर दबून बसायचा. रीत अशी होती की ज्याच्या बाराने डुक्कर पडेल त्याला मुंडी आणि एक फरा, म्हणजे अख्खी मांडी, बाकीच्याचे गावात वाटे. रीत जुनी होती, पण ती पाळताना काहींच्या पोटात दुखायचं. मुंडी घेऊन बौद्धवाडीच्या अंगणात जावं लागायचं आणि द्यावी लागायची. पूर्वी ती दळव्यांच्या घरी जायची.

दळवी म्हणजे गावचे खोत. खोती कधीच गेली होती, पण पाठीचा कणा तसाच ताठ राहिला होता. प्रतापराव दळवी देवळाच्या मंडपात खांबाला टेकून बसायचे, ती जागा त्यांच्याशिवाय कुणी घ्यायचं नाही. त्यांचा मुलगा अजित माझ्याच वयाचा, कोल्हापूरला शिकून अर्धवट परत आलेला. त्याच्याकडे आजोबांची ठासणीची बंदूक होती. बिनपरवान्याची, माळ्यावर गवतात लपवलेली.

त्या उन्हाळ्यात अजित पहिल्यांदा आमच्या दुकानात आला आणि माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "उमो, सशाक येतंस? आमी चार जाणा जातंव."

सोनाराच्या पोराच्या खांद्यावर दळव्याने हात टाकला. आज सांगताना हसू येतं, तेव्हा अंगावर काटा आला होता. शाळेत ही पोरं मला फुंकणी म्हणायची, भट्टी फुंकतो म्हणून. आता मी त्यांच्या मागून रानात चालत होतो, त्यांच्या डब्यातलं मटण खात होतो. अजित मला बंदूकही हातात द्यायचा. पावसाच्या आधी आम्ही नऊ-दहा वेळा गेलो असू. भादव्यात ऊन पडलं तेव्हा पुन्हा सुरू झालं.

आश्विन लागला. भात पिवळं पडलं आणि सड्याच्या कातळाखालच्या कोंडीत कळपातून फुटलेला एक एकल, मोठा सुळेवाला डुक्कर, शिरला. एका रात्रीत परबांचं अर्धं शेत त्याने लोळवलं. ठरलं की रविवारी पारध.

शनिवारी सोमा पायरीवर आला. पंधरा दिवसांपूर्वी मी बांधून दिलेल्या पुड्यांतली दोन काडतुसं त्याने खिशातून काढली आणि हातावर खेळवली.

"ह्यो एकल हा शेट. जखमी झालो तर माणूस मारतलो. एका बारात बसाक व्हयो."

"बसेल रे."

"तोल बरोबर हा ना?"

"गुंजेचा फरक निघाला तर माझं नाव बदल."

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला हाकारे सुरू झाले. डबे, ढोल, कुत्री. मी अजितबरोबर वरच्या कातळावर बसलो होतो. खाली घळीच्या तोंडाशी, करवंदीच्या जाळीआड सोमा एक गुडघा टेकून बसलेला मला दिसत होता. हलत नव्हता. पलटणीतला माणूस कसा बसतो ते बघण्यासारखं असतं.

डुक्कर आलं ते धावत नाही, चालत आलं. वासराएवढं. सोमाने त्याला पंधरा पावलांवर येऊ दिलं.

बार झाला. आवाज बसका आला, कुणी ओल्या गोणपाटावर दांडा मारावा तसा. धूर मात्र भरपूर. डुक्कर मागच्या पायांवर बसलं, मला वाटलं पडलं, आणि ते उठलं. सोमाने पुंगळी काढली, दुसरं काडतूस घातलं, उभ्याने बार टाकला. तोही तसाच. डुक्कर पुढे गेलंच नाही. ते वळलं आणि हाकाऱ्यांच्या रांगेत शिरलं.

लवू परब ढोल वाजवत येत होता. पंचविशीचा, चार महिन्यांपूर्वी लग्न झालेला. त्याला ढोलामुळे समोरचं दिसलंच नाही.

पुढचं सांगत नाही. मांडी कमरेपासून गुडघ्यापर्यंत उघडी झाली होती एवढंच सांगतो. सोमाने आपलं धोतर फाडून त्याची मांडी आवळून बांधली, म्हणून तो तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत जिवंत पोचला. चादरीला बांबू बांधून चौघांनी सडकेपर्यंत नेला. पुढच्या दांडीला सोमा होता. त्या दिवशी शिवाशिव कुणाला आठवली नाही. दुसऱ्या दिवशी बरोबर आठवली.

लवू वाचला. पाय गेला नाही, पण वाळला. आजही काठी टेकत बाजारात येतो, मला बघून थांबतो आणि विचारतो, "काय उमाशेट, बरा मां?"

सोमवारी दुपारी चार वाजता देवळाच्या मंडपात गाव बसलं. प्रतापराव खांबाला टेकून. लवूचा बाप तातू परब, डोळे सुजलेले. माझे वडील एका बाजूला चटईवर. अजित त्याच्या बापाच्या मागे. सोमा खाली अंगणात उभा, पायात वहाणा नाहीत, बंदूक जमिनीवर आडवी ठेवलेली. शेजारी त्याचा दारूचा डबा.

"सोम्या," प्रतापराव म्हणाले, "पंधरा पावलांवरून दोन बार. आणि डुक्कर जिवंत. डोळे गेले काय तुझे?"

"खोतानू, दोनय बार बसले. पहिलो खांद्यात, दुसरो बरगडीत. रगताची वाट मी सकाळी बघून इलंय. छर्रे लागले, पण आत गेले नाय."

"डुकराने चिलखत घातलं होतं?"

लोक हसले. एका माणसाची मांडी फाटली होती आणि लोक हसले.

"बार खोकलो," सोमा म्हणाला. "तुमी आयकलात. दारयेक जोर नव्हतो."

मागून कुणीतरी ओरडलं, "दारू कमी भरल्यान आसतली! उरलेली विकल्यान!"

"व्हय व्हय! सुरुंगवाल्याक विकल्यान!"

"दर वर्साक मुंडी खाता, आता चरबी इली!"

सोमाने हात वर केला. आवाज चढवला नाही. खिशातून दोन काडतुसं काढली आणि मंडपाच्या कडेला ठेवली.

"ही त्याच वेळची भरलेली. त्याच पुड्यांतली. फोडा. तोला. दारू कमी भरली तर मी चोर. तुमी सांगशात ती शिक्षा." मग माझ्याकडे वळला. "पुड्यो उमाशेटांनी तोलून दिल्ल्यो. तेंचो काटो हाडा. सोनाराच्या काट्यार माझो इश्वास हा."

प्रतापराव म्हणाले, "ठीक. पण एक लक्षात ठेव. तोल कमी निघाला तर तू चोर. आणि तोल बरोबर निघाला, तर दारूचा दोष नाही, तुझाच. मग ही बंदूक पोलिसांत जमा करायची. पुन्हा परवाना मागायचा नाही. कबूल?"

त्या दोन अटींत सोमाला कुठूनच वाट नव्हती. पण त्याला ते दिसलं नसावं, किंवा दिसूनही त्याला तिसरी वाट माहीत होती. ती तिसरी वाट म्हणजे मी.

"कबूल," तो म्हणाला.

मी दुकानातून काटा घेऊन आलो. हात थरथरत नव्हते. लोकांना वाटलं असेल, सोनाराचा हात आहे. खरं कारण वेगळं होतं. तोल काय येणार ते मला ठाऊक होतं.

आता सांगतो.

अजितच्या ठासणीच्या बंदुकीला दारू लागायची आणि ती त्याला कुठूनच मिळत नव्हती. दुसऱ्या वेळी रानात गेलो तेव्हाच तो म्हणाला होता, "उमो, तुझ्याकडे त्या सोम्याचो डबो येता मां? चिमूटभर काढूक काय जाता?" मी चिमूटभर काढली. प्रत्येक पुडीतून. आणि पुडीचा तोल कमी पडू नये म्हणून जेवढी काढली तेवढी भट्टीचा कोळसा कुटून आत मिसळला. काळ्यात काळं.

ही अक्कल मला कुणी शिकवली नव्हती असं म्हणायची सोय नाही. आमच्या धंद्यात ती आईच्या दुधासारखी मिळते. तोल खरा ठेवायचा आणि कस मारायचा. गिऱ्हाईक काट्याकडे बघतं, काटा खरं बोलतो, आणि त्या खऱ्याच्या आड जे करायचं ते करता येतं. वडील म्हणायचे, "वजन सगळे बघतत. कसोटी घासून कोण बघता?" ते सोन्याबद्दल बोलायचे. मी ते बंदुकीच्या दारूला लावलं. असली चूक माझ्यासारखाच करू शकतो, दुसऱ्या कुणाला ती सुचणारही नाही.

आधी चिमूट होती. भादव्यात अजितला जास्त लागायला लागली, तेव्हा चिमटीची मूठ झाली. त्याच भादव्यातल्या पुड्या सोमाने रविवारी बंदुकीत घातल्या होत्या.

मी चोर होतो. सरळ शब्द आहे, लिहायला हरकत नाही.

मंडपात सोमाने स्वतःच्या हाताने काडतूस फोडलं. छर्रे बाजूला केले, दारू कागदावर ओतली आणि कागद खालून वर, मंडपाच्या कडेवर सरकवला. मी तो पारड्यात रिकामा केला. दुसऱ्या पारड्यात ठरलेलं वजन घातलं. सगळं गाव वाकून बघत होतं. काटा डोलला, दोनदा इकडे, दोनदा तिकडे, आणि मधोमध उभा राहिला. सुताने आखल्यासारखा.

"तोल बरोबर आहे," मी म्हणालो.

"दुसरा," प्रतापराव म्हणाले.

दुसरंही तसंच. गुंजेचा फरक नाही.

तातू परब उठला. "माका तोलाचा काय करूचा नाय. पेटवून बघा ती दारू. चिमूटभर पेटवा. जोर हा काय नाय ता कळात."

पेटवली असती तर तिथेच सगळं संपलं असतं. चांगली दारू डोळ्याची पापणी लवायच्या आत उडून जाते. माझी दारू फुसफुसत बसली असती आणि मागे निखारे उरले असते. लहान मुलालाही कळलं असतं.

चटईवरून माझे वडील म्हणाले, "तातू, तुझा दुःख कळता माका. पण देवाच्या मंडपात दारू पेटवतत काय रे? रवळनाथाच्या डोळ्यांसमोर?"

लोकांनी माना हलवल्या. खरंच. देवळात कसं पेटवायचं. बाहेर चार पावलांवर अंगण होतं, सोमा तिथेच उभा होता, पण ते कुणाला सुचलं नाही. मी वडिलांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या काट्याच्या पारड्याकडे बघत होते.

सोमा पुढे आला. पारड्यातली दारू त्याने कागदावर परत मागून घेतली, चिमूट उचलली, डाव्या तळहातावर टाकली आणि अंगठ्याने चोळली. दारूचे दाणे कडक असतात, ते सहज फुटत नाहीत. तळहातावर लांब काळा पट्टा उमटला, चुलीला हात लागल्यावर उमटतो तसा. त्याने तो नाकाशी नेला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

त्या माणसाला राग आला असता तर बरं झालं असतं.

"शेट," तो म्हणाला, "तोल बरोबर हा?"

"बरोबर आहे."

"आणि?"

"आणि काय?"

"आणखी काय सांगूचा हा काय तुमका? गाव बसला हा. देव हा. लवूचो बापूस हा."

अजित बापाच्या पाठीमागे पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. सोमाने तळहात तसाच पसरून धरला होता, काळा पट्टा वर. तो हात त्याने गावाला दाखवला असता, ओरडून सांगितलं असतं, तर? मी नंतर पुष्कळदा याचा विचार केला. कुणी ऐकलं असतं? सोनाराच्या काट्यासमोर त्याचा हात कोण बघणार होतं? हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने ते माझ्यावर सोपवलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."

सोमाने हात बनियनला पुसला. "बरोबर हा, खोतानू," तो प्रतापरावांना म्हणाला. "तोलात खोट नाय. मगे माझीच चूक." जमिनीवरची बंदूक उचलून त्याने मंडपाच्या पायरीवर ठेवली. त्याची बायको अंगणाच्या टोकाला उभी होती, तिच्याबरोबर तो खाली उतरून गेला. दारूचा डबा तिथेच राहिला. तो संध्याकाळी अजितने उचलला.

घरी आल्यावर वडिलांनी कोट खुंटीला लावला, पाय धुतले आणि आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "कोळसो वस्त्रगाळ करूक व्हयो होतो. हाताक लागता."

एवढंच. त्यानंतर मरेपर्यंत ते या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही असं लिहायला पाहिजे, पण लागला. झोप चांगली आली. सकाळी मात्र दुकानात बसवेना. अकराच्या सुमाराला मी दुकान उघडं टाकून बौद्धवाडीत गेलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

सोमा अंगणात पत्र्याच्या ट्रंकेला दोरी बांधत होता. मुंबईला भाचा होता, त्याच्याकडे कुठल्याशा गोदामावर राखणदारीचं बघायचं होतं. बंदूक गेली, आता भात राखायचं कशाने, आणि गावात राहायचं कुठल्या तोंडाने. त्याची बायको मला बघून आत गेली. पाणी पिणार का असं तिने विचारलं नाही. कदाचित मी घेणार नाही असं तिला वाटलं असेल. कदाचित द्यायचंच नसेल.

"सोमाकाका," मी म्हणालो.

त्याचा हात थांबला. दोरीची गाठ अर्धी राहिली. "आज काका?"

"मला सांगायचंय."

"सांग," तो म्हणाला. शेट नाही, तुमी नाही.

मी सगळं सांगितलं. अजित, चिमूट, मूठ, कोळसा. उभ्या उभ्या, एका दमात. सांगता सांगता मला रडू आलं. खरं रडू होतं, नाटक नव्हतं. रडू आल्याबद्दल मला आतून थोडं बरंही वाटत होतं. वाटलं, आता हा उठेल, एक थोबाडीत मारेल, किंवा पाठीवर हात ठेवेल. दोन्ही चाललं असतं.

तो उठला नाही. गाठ पुरी केली. दोरी ओढून बघितली, घट्ट बसली की नाही.

"झाला?" त्याने विचारलं.

"झालं."

"ह्या माका कित्या सांगतंस? माका काल हातार कळला. माका ठाऊक नाय असा काय सांगलंस तू?"

मी डोळे पुसले.

"कोणाक ठाऊक नाय? तातू परबाक. लवूक. गावाक." त्याने मान देवळाच्या दिशेला केली. देऊळ तिथून दिसत नव्हतं, पण कळस दिसत होता. "आज मंगळवार. दुपारी आरतेक मंडपात सगळे आसतले. थंय जा. ह्याच सांग, असाच उभो रवून. रडाक येयत तर रड. मी येतंय वांगडा. खाली अंगणात उभो रवतंय. तुका कोण काय करूचो नाय, बामणा-सोनारांच्या पोराक कोण हात लावणा नाय. तू नुसता सांग. माझी बंदूक माका परत मिळात. तुझा काय जायत? चार दिवस लोक बोलतीत."

"हो," मी म्हणालो.

"मी गाडी उद्याची करतंय मगे. आज नाय जाणा."

"हो काका. येतो मी."

त्याने ट्रंकेची दोरी सोडायला घेतली. मी वाडीच्या बाहेर येईपर्यंत मला मागे गाठ सुटल्याचा आणि झाकण उघडल्याचा आवाज येत होता.

रस्ता दोन फाट्यांचा होता. वर गेलं की देऊळ, खाली उतरलं की बाजारातून आमचं घर. आरतीची घंटा सुरू झाली होती.

मी घरी गेलो. आई वाट बघत होती. बांगड्याचं तिखलं केलं होतं, तिरफळं घालून. मी हातपाय धुऊन पाटावर बसलो आणि दोनदा भात मागून घेतला.